चित्राखालची ओळ

९ नोव्हेंबर २०२५, रविवार

बाराव्या चित्रातल्या बाईला तोंड नाही! आज ओमप्रकाश सर आले तेव्हा फडकं काढून पुन्हा पाहिलं. सुधारक उभा आहे — पागोटं, मिश्या, वर केलेला हात. स्त्रीशिक्षणावर भाषण देतोय. समोर पंधरा-वीस माणसं. मागे त्याची बायको, हातात त्याच्याच भाषणाचा कागद, उलटा धरलेला. लुगडं झालंय, हात झालेत, बांगड्यासुद्धा. तोंडाच्या जागी नुसता पांढरा गोळा.

आमचे हे फाल्गुनात गेले तेव्हा एवढंच राहिलं होतं.

तोंड मूळ चित्रातही नाही. सरांकडे एक जुनं विनोदी मासिक आहे, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचं. कव्हर गेलेलं, त्यामुळे नावही कोणाला माहीत नाही. पानं हात लावला की तुटतात. त्यातली बारा थट्टेची चित्रं मोठी करून, रंगवून भिंतीवर लावायची, असं सरांच्या मनात होतं. ते रिटायर झाल्यावर शिरड शहापूरला घराच्या पुढच्या खोलीत वाचनालय काढतायत, त्यासाठी. फ्लेक्स नको, हातानं काढलेलंच पाहिजे म्हणाले. ह्यांनी तीन वर्षांत अकरा काढली. बाराव्यात नेमकं बाईचं तोंड कसरीनं खाल्लेलं. हे म्हणायचे, "कसरीला बी बाईचंच तोंड गोड लागलं!"

सर म्हणाले, "वहिनी, चौदा डिसेंबरला उद्घाटन आहे. बारावं तुम्ही पुरं करा."

"मला तोंड काढता येत नाही, सर. मी भराई करणारी. आभाळ, जमीन, लुगडी — एवढंच."

"दुसरा पेंटर आणला तर ते प्रभूभाऊंचं चित्र राहील का?"

चहा केला. पिऊन गेले.

१० नोव्हेंबर

ब्रश काढून पाहिले. आठ महिने हात लागला नव्हता. टर्पेंटाइनमध्ये बुडवून ठेवलेत. तीन वाचतील. बाकीच्यांचं लाकूड झालंय.

१२ नोव्हेंबर, बुधवार

ही वही कोणी वाचणार नाही म्हणून लिहिते. ह्यांना वाचता येत नव्हतं.

कनेरगाव नाक्यावरचे निम्मे बोर्ड ह्यांच्या हातचे. किराणा, हॉटेल, खताचं दुकान, ट्रकच्या मागचं सगळं. पण अक्षर म्हणजे ह्यांच्या लेखी चित्रच. हिंगोलीच्या उस्तादांनी तसंच शिकवलं होतं. गिऱ्हाइकानं चिठ्ठीवर लिहून द्यायचं, ह्यांनी चौकटी आखून मोठं करायचं. वळण असं सुंदर की कोणाला शंकासुद्धा आली नाही.

आमची मिना सहा महिन्यांची होती तेव्हाची गोष्ट. गुलाबचंदच्या ढाब्याचा बोर्ड आला. गुलाबचंदनं चिठ्ठी दिली — "शुद्ध शाकाहारी जेवण मिळेल. अक्षर मोठं काढा, घाई नाही." ह्यांनी सगळं काढलं! पिवळ्यावर लाल, सहा फूट लांब — "अक्षर मोठं काढा, घाई नाही." गुलाबचंद आधी भांडायला आला. मग दिसलं की ट्रकवाले गाडी थांबवून हसतायत, आणि हसून झालं की जेवायला बसतायत. बोर्ड तसाच ठेवला. पेंटर मोठा मिश्किल आहे अशी सगळीकडे बोलवा झाली.

हे घरी आले ते जेवले नाहीत. "लोकं काहून हसून राहिले, काही समजंना." मी पोरीला काखेत घेऊन नाक्यावर गेले, बोर्ड वाचला, येऊन सांगितलं. तेव्हा त्यांना पहिल्यांदा कळलं की मला वाचता येतं. किती तरी वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

मी शाळा पाहिली नाही. माहेरी मेंढरं. वाशिम रस्त्यानं कळपामागं चालायची. कडेला किलोमीटरचे दगड. पुढं कोणतं गाव येणार हे मला ठाऊक असायचं, मग दगडावर तेच लिहिलेलं असणार! 'हिंगोली'तला 'ग' ओळखला, तोच 'कनेरगाव'मध्ये सापडला. असं एकेक अक्षर धरत गेले. मग बिस्किटाचे पुडे, कॅलेंडर, पेपरचे तुकडे. लग्न झालं तेव्हा पानभर वाचता येत होतं. कोणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

त्या बोर्डापासून प्रत्येक चिठ्ठी आधी मी वाचायची, काय काढायचं ते वेगळ्या कागदावर लिहून द्यायची. ह्या चित्रांचंही तसंच. मासिकात प्रत्येक चित्राखाली एक ओळ आहे. ती मी मोठ्या अक्षरात उतरवून द्यायचे. हे एकेक चित्र घेऊन शिरडला जायचे, तिथं नरसिंग फ्रेम बसवायचा, मग फ्रेमच्या खालच्या पट्टीवर हे ती ओळ लिहायचे.

आणि सरांना हे सापडले कसे? तोच बोर्ड पाहून! बस थांबली होती, सर खाली उतरले आणि विचारत विचारत आमच्या दारात आले. "असा विनोद करणारा माणूसच ही चित्रं काढू शकतो," म्हणाले. हे गप्प उभे. मीपण गप्प.

एक मिनाला माहीत आहे. बाकी कोणाला नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

सरांनी उद्घाटनाची पुस्तिका फोनवर पाठवली. "वहिनी, तुमची नजर चांगली आहे. छापायच्या आधी चुका काढा." बसून काढल्या. अकरा निघाल्या.

तिसऱ्या पानावर ह्यांच्याबद्दल आहे. फोटो चांगला घेतलाय. खाली लिहिलंय — "प्रभू पेंटर यांनी आपल्या निरक्षर पत्नीस स्वतः अक्षरओळख करून दिली. स्त्रीशिक्षणाची सुरुवात त्यांनी आपल्या घरापासून केली."

तीनदा वाचलं.

सरांना फोन केला. अकरा चुका सांगितल्या. बाराव्या गोष्टीला तोंड उघडेना. उलट सरच म्हणाले, "मी भाषणात हेच सांगणार आहे. तुम्हाला स्टेजवर बसवणार, मागे बारावं चित्र. आणि एक सुचवू? त्या बाईचं तोंड तुमचंच काढा. किती शोभेल!"

बरं म्हणून फोन ठेवला. आधी हसू आलं. मग नाही आलं.

१७ नोव्हेंबर

मिनाला फोन.

"राहू दे ना, आई. बाबांचं नाव होऊन राहिलंय."

"खोटं नाव आहे."

"मग काय आता माइकवर सांगतीस, माझा नवरा अंगठेबहाद्दर होता म्हणून?"

"सही यायची त्यांना."

"आई! तुझं काय जातंय त्यात?"

काय जातंय ते फोनवर सांगता येईना. तीस वर्षं ते एकाच गोष्टीला भीत आले — लोक हसतील. मी सांगितलं तर गेल्यावर हसतील. तेव्हा पेंटर मिश्किल होता, आता अडाणी होता म्हणतील. नाही सांगितलं तर मी उन्हात चालून जे मिळवलं ते त्यांनी दिलेलं होतं असं होईल. त्यांनी मला पुष्कळ दिलं. पण हे नाही दिलं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

खाका केला. कागदावर आधी तोंड काढायचं, रेघेवर सुईनं जवळजवळ भोकं पाडायची, कागद चित्रावर ठेवून कोळशाच्या पुडीची पोटली वरून थोपटायची. काळे ठिपके उमटतात, ते जोडत जायचं. हे काम मी ह्यांच्यासाठी शंभर वेळा केलंय. पण रेघ त्यांची असायची, माझी नुसती सुई.

सर म्हणाले तसं आरशात बघून माझं तोंड काढलं. मयताच्या फोटोतल्यासारखं आलं! पुसलं. परत काढलं. ह्या वेळी सुधारकाची आई दिसायला लागली. पुसलं.

शेळ्यांना पाला टाकला आणि झोपले.

२२ नोव्हेंबर, शनिवार

शेजारच्या रुक्माबाईला समोर बसवलं. सत्तरीची, दात चार, आवाज नाक्यापर्यंत जाणारा.

"आगं राधिका, माझं थोबाड काहून काढून राहिलीस? गावातल्या दुसऱ्या बाया मेल्या का?"

"तुझं नाक चांगलं आहे."

"नाक! चाळीस वर्षं नवऱ्यानं पाह्यलं न्हाई, तुला आज दिसलं व्हय?"

कागद तिच्या हातात दिला. आधीच उलटा करून दिला, म्हटलं, "असाच उलटा धर." 'उलटा' ऐकलं आणि तिनं गरकन फिरवला. झाला सुलटा.

"रुक्माबाई, उलटा धर म्हटलं ना?"

"मग उलटाच केला की!"

"तो आधीच उलटा होता. तू सुलटा केलास."

"मला काय म्हाईत, कागदाला तोंड कुठं नि बूड कुठं!" असं म्हणून स्वतःच हसायला लागली. तोंड उघडं, डोळे बारीक, मान मागे. मी पेन्सिल उचलली आणि तेच धरलं. मूळ चित्रातली बाई हसत होती का, कोणाला ठाऊक. कसरीनं खाल्लं ते गेलं. पण सुधारक पुढं हात वर करून बोलतोय आणि त्याची बायको मागे असं हसतेय — हे बरोबर वाटलं.

मग तिनं उठून चित्र पाहिलं. "हा बाप्या काय बोलून राहिला?"

"बायांनी शिकावं म्हणतो."

"मंग त्याच्या बायकोला काहून शिकवलं न्हाई?"

"तोच तर विनोद आहे."

"ह्याच्यात इनोद कशाचा? घरोघरी हायेच की!"

आणि परत हसली.

२५ नोव्हेंबर

नाक जमलं. ओठ अजून जाड येतायत.

२९ नोव्हेंबर, शनिवार

झालं. दुपारी शेवटचा हात मारला. चार दातसुद्धा काढले — रुक्माबाई म्हणाली होती, "दात बराबर मोजून काढ, एक बी जास्तीचा नको." तोंडाचा रंग बाकीच्या चित्रापेक्षा थोडा ताजा दिसतो. दोन महिन्यांत बसेल.

उन्हात ठेवून लांबून पाहिलं. ह्यांनी हा सुधारक दोन महिने रंगवला होता. रंगवता रंगवता त्याच्याशी बोलायचे. "बोला महाराज, बोला! घरी गेल्यावर कोण ऐकतंय तुमचं!" मिश्यांना तीनदा काळा दिला, म्हणाले ह्याचा तोरा अजून चित्रात उतरला न्हाई. फाल्गुनात आंघोळ घातली तेव्हा उजव्या अंगठ्याच्या नखात पिवळा रंग होता, ह्याच्याच पागोट्याचा. मी घासला, निघाला नाही. तसाच गेला.

आता ह्या घरात त्यांचं अपुरं काही उरलं नाही. हे बरं आहे की वाईट ते मला सांगता येत नाही.

३० नोव्हेंबर

एक गोष्ट आज भाकरी थापताना लक्षात आली. सरांच्या भाषणात हे कोण होणार? स्त्रीशिक्षणाची सुरुवात घरापासून करणारा! म्हणजे हाच, पागोटेवाला. ज्याला दोन महिने हसले त्याच्याच जागी त्यांना उभं करणार, आणि मागे मी, आणि भिंतीवर तेच चित्र. लोक अडाणी म्हणून हसले तर हसोत. पण ह्या पागोट्याखाली त्यांना मी जाऊ देणार नाही.

२ डिसेंबर, मंगळवार

पत्र लिहिलं. आजवर लिहिलेलं सगळ्यात लांब, तीन पानं. मिनाला विचारलं नाही.

सरांना सगळं कळवलं. ह्यांना वाचता येत नव्हतं. गुलाबचंदचा बोर्ड ही चूक होती, विनोद नव्हता. ओळी मी उतरवून द्यायचे. मी रस्त्यावरच्या दगडांवरून शिकले, कोणी शिकवलं नाही. "ह्यांना अक्षर येत नव्हतं हे छापा किंवा छापू नका, पण मला त्यांनी शिकवलं हे छापू नका. चित्रं सगळी त्यांची आहेत. एवढं खरं आहे आणि एवढं पुरे आहे."

नरसिंग टेंपो घेऊन चित्र न्यायला आला. चित्र चादरीत बांधलं, पाकीट त्याच्या हातात दिलं.

"काकू, हे काय?"

"सरांना दे. त्यांच्याच हातात."

"फोन करायचा ना मंग!"

"फोनवर माझ्यानं होत नाही."

टेंपो गेला तसं वाटलं पळत जाऊन पाकीट परत घ्यावं. गेले नाही.

३ डिसेंबर

फोन नाही.

६ डिसेंबर, शनिवार

सरांचा फोन नाही. नरसिंगला लावला. म्हणाला, "दिलं ना, काकू. सरांनी उभ्या उभ्या वाचलं. खाली बसून परत वाचलं. मंग खिशात घातलं. मला चहा बी न्हाई इचारला!"

सर नरसिंगला चहा विचारायचे राहिले, म्हणजे काहीतरी झालंय.

८ डिसेंबर

मिनाला सांगितलं. म्हणाली, "आयुष्यभर झाकलंस, आई. आणि गेल्यावर उघडं केलंस."

मी म्हटलं, "तू येशील ना चौदाला?"

"येईन. पण मला कोणी काही विचारलं तर मी तुझ्याकडे बोट दाखवीन."

बरोबर आहे तिचं. मी केलं ते बरोबर आहे का, ते मात्र आता तितकं ठाम वाटत नाही. लिहिताना वाटत होतं. रात्री ह्यांच्या बाजूला कूस वळवली तर वाटलं, हे विचारतायत — काय लिहिलंस? वाचून दाखव.

११ डिसेंबर, गुरुवार

थंडी फार. पुस्तिका छापून झाल्या म्हणे. त्यात काय आहे ते नरसिंगला सांगता येईना. त्यानं उघडून पाहिली नाही. एवढ्या वर्षांत मी शिरडला एकदाही गेले नाही. दोन बस, आणि घरी शेळ्या. अकरा चित्रं घरातून जाताना पाहिली, भिंतीवर एकही नाही. सरांनी उद्घाटनापर्यंत सगळी झाकून ठेवलीत.

रुक्माबाई म्हणाली, "शेळ्या मी पाहते, तू जा. आन माझं थोबाड लोकाला आवडलं का ते इचारून ये."

१४ डिसेंबर, रविवार

पुस्तिकेत मला शिकवल्याची ती ओळ नव्हती. सरांनी भाषणातही तो विषय काढला नाही. बाराव्या चित्रापुढं लोक रुक्माबाईसारखेच हसत होते.

सगळे जेवायला गेल्यावर सरांनी मला हात धरून सातव्या चित्रापुढं नेलं. कोरड्या माळावर नवाकोरा पूल, खाली थेंबभर पाणी नाही, गोरा साहेब फीत कापतोय. मासिकातली ओळ मी उतरवून दिली होती — "नवीन पुलाचा उद्घाटन समारंभ." पट्टीवर ह्यांच्या वळणदार अक्षरात वेगळंच आहे — "पूल तयार आहे. नदीचा अर्ज वर गेला आहे."

"हे तुम्ही सांगितलं त्यांना?"

"नाही, वहिनी. मी शेजारी उभा होतो. त्यांनी तुमचा कागद वाचला, घडी करून खिशात ठेवला, आणि न आखता एका दमात हे लिहिलं. म्हणाले, मासिकवाल्याची ओळ हसवत न्हाई. तुमची ओळ बदलली म्हणून तुम्हाला राग येईल, घरी सांगू नका म्हणाले. म्हणून मी कधी बोललो नाही."

बाकीची चित्रं एकेक करून वाचली. अकरापैकी पाच ओळी माझ्या नाहीत.

आणि शेवटच्या संध्याकाळपर्यंत ह्यांना पेपर मी वाचून दाखवत होते.

सरांकडून माझं पत्र परत मागून घेतलं.